उद्धरणांची वही कोण लिहिणार?

मराठीत संशोधनच होत नाही, असे विद्वज्जन सांगतात तेव्हा ते नोंदींच्या अभावालाच पुरावा मानत असतात. शं. ग. दाते यांच्या ग्रंथसूचीने 1800 ते 1937 या काळात मराठीत काय छापले गेले, हे दाखवले. त्यातले पुढे कोणी आधाराला घेतले, कोणी खोडून काढले, हे सांगणारी राष्ट्रीय उद्धरणसूची, म्हणजे सायटेशन इंडेक्स, आपल्याकडे नाही. चीन आणि कोरियाने आपापल्या भाषांसाठी ती केली.

परंतु परका साचा उचलून भागणार नाही. आपले वाद नियतकालिकांइतकेच ग्रंथांत, प्रस्तावनांत आणि परीक्षणांत झाले आहेत. केवळ नियतकालिके मोजणारी सूची त्यांना वगळेल. शिवाय 'वि. का. राजवाडे', 'विश्वनाथ काशिनाथ राजवाडे' आणि 'इतिहासाचार्य राजवाडे' ही एकच व्यक्ती आहे, हे यंत्राला आधी शिकवावे लागेल.

आणि मुख्य अट अशी, की या सूचीवरून बढतीचे गुण देऊ नयेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 मध्ये प्रकाशनांना गुण जोडले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. त्यावर उतारा म्हणून 2019 मध्ये 'केअर' यादी आली, आणि 2025 मध्ये आयोगाने तीही बंद केली. उद्धरणांना गुण मिळू लागले, तर प्राध्यापक परस्परांची उद्धरणे देण्याचा भिशीव्यवहार सुरू करतील.

मराठीला 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला. त्याचे सोहळे पुष्कळ झाले. आता तळटीपा वाचणारी माणसे नेमावीत.