तालीम

मित्रांनो, 'तालीम' हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र तालीम म्हणजे पहिलवान जिथे कसरत करतात ती जागा. उर्दूतला 'उस्ताद' मराठीत 'वस्ताद' झाला. हा वस्ताद लाल मातीत उतरून डावपेच शिकवतो. कसरत, खुराक, आराम, पहिलवान हे शब्दही दोन्ही भाषांत आहेत. ज्या लोकांनी आखाड्याला तालीम हे नाव दिले, त्यांना एक गोष्ट नीट कळली होती. मनाप्रमाणे शरीरालाही शिकवावे लागते.

मराठीत आणखी एक सुंदर शब्दप्रयोग आहे : 'शरीर कमावणे'. घामाने पैसा कमवावा तसे शरीरही कमवायचे असते. जे कमवायचे असते ते दुकानात विकत मिळत नाही. आज नेमके हेच आपण विसरत चाललो आहोत, असे मला वाटते.

आपल्या मोहल्ल्यात आता जागोजागी जिम दिसतात. मुले कसरत करू लागली, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु जिमच्या भिंतीवरची चित्रे पाहून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला एका महिन्यात तसे शरीर हवे असते. मग कुणीतरी त्याला महागड्या पावडरचा डबा दाखवतो. त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी इंजेक्शन सुचवतो. दुसरीकडे काही मुली बारीक होण्यासाठी सकाळची न्याहारी सोडतात आणि दुपारचा डबा तसाच परत नेतात. मुलाला शरीर वाढवायचे आहे, मुलीला घटवायचे आहे. दोघांची चूक मात्र एकच आहे. शरीर आतून कसे चालते, हे दोघांनीही समजून घेतलेले नाही.

आपल्या शरीरात काही ग्रंथी असतात. त्या विशिष्ट रसायने थेट रक्तात सोडतात. या रसायनांना संप्रेरके किंवा हार्मोन म्हणतात. १९०२ साली बेलिस आणि स्टार्लिंग या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी असे एक रसायन शोधून काढले. पुढे १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी 'हार्मोन' हा शब्द रूढ केला. संप्रेरके म्हणजे शरीरातले निरोप्येच. एका अवयवाचा निरोप ती दुसऱ्या अवयवाला पोहोचवतात. स्वादुपिंडातील इन्शुलिन रक्तातली साखर पेशींत पोहोचवण्यास मदत करते. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक शरीराच्या कामाचा वेग ठरवते. वाढीचे संप्रेरक हाडे आणि स्नायू वाढवते. मुलांच्या स्नायूंना बळ देण्यात टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचा मोठा वाटा असतो.

ही संप्रेरके फार थोड्या प्रमाणात लागतात. त्यांपैकी अनेकांचे प्रमाण राखण्याचे काम मेंदू करतो. असे एखादे संप्रेरक कमी पडले की मेंदू ग्रंथीला 'आणखी बनव' असे सांगतो. ते पुरेसे झाले की 'थांब' असे सांगतो. आता बाहेरून टेस्टोस्टेरॉनसारखे औषध टोचले तर काय होईल? घरातल्या टाकीत टँकरचे पाणी ओतले तर घरचा पंप बंदच राहणार. मेंदूला वाटते की शरीरात भरपूर संप्रेरक आहे, आणि तो ग्रंथीला थांबवतो. मग शरीराची स्वतःची निर्मिती मंदावते आणि ग्रंथी आकसू लागते. चेहऱ्यावर व पाठीवर मोठ्या पुटकुळ्या येतात. मुलांची छाती मुलींसारखी वाढू शकते. यकृतावर आणि हृदयावर ताण येतो. पुढे मूल होण्यातही अडचण येऊ शकते.

वाढत्या वयात आणखी एक धोका आहे. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचे पट्टे असतात. त्यांच्यामुळे आपली उंची वाढते. अशा औषधांमुळे हे पट्टे वेळेआधीच हाडात बदलतात आणि उंची वाढणे थांबते. मोठे दिसण्यासाठी घेतलेले औषध मुलाला कायमचे बुटके ठेवू शकते!

या औषधांनी मानही मिळत नाही. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या बेन जॉन्सनने १०० मीटरची शर्यत ९.७९ सेकंदांत जिंकली. सारे जग थक्क झाले. परंतु तपासणीत त्याच्या शरीरात स्टॅनोझोलॉल हे बंदी असलेले औषध सापडले. तीनच दिवसांत त्याचे सुवर्णपदक गेले आणि नावही गेले.

याउलट गामा पहिलवानांचे उदाहरण पाहा. १९१० साली लंडनमध्ये त्यांची कुस्ती पोलंडचा नामांकित मल्ल झ्बिश्को याच्याशी झाली. दोन तासांहून अधिक वेळ झुंज चालली, पण निकाल लागला नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा कुस्ती ठरली, तेव्हा झ्बिश्को मैदानात आलाच नाही आणि गामा विजयी ठरले. टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत प्रथम तयार झाले ते १९३५ साली. म्हणजे गामांच्या ताकदीत इंजेक्शनचा थेंबही असणे शक्य नव्हते. ती ताकद जोर, बैठका आणि मातीतल्या कुस्तीची होती. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर या खेड्यातले खाशाबा जाधवही असेच मातीत तयार झाले. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते.

तालमीचे सूत्र साधे होते : कसरत, खुराक आणि आराम. आजचे विज्ञानही यापेक्षा वेगळे काही सांगत नाही.

प्रथम कसरत. स्नायूंवर नेहमीपेक्षा थोडा जास्त ताण पडला की त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. शरीर ती दुरुस्त करताना तंतू अधिक जाड आणि मजबूत बनवते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, तुमच्या वयाच्या मुलामुलींनी दररोज सरासरी ६० मिनिटे शरीराला श्रम द्यावेत. त्यांपैकी आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम असावेत. जोर, बैठका, दोरीवरच्या उड्या, जिने चढणे यांना पैसा लागत नाही. जिमला जायचे असेल तर जरूर जा, पण वस्ताद पारखून घ्या. जो आधी योग्य पद्धत शिकवतो आणि नंतर वजन वाढवू देतो तो खरा वस्ताद. जो पहिल्याच दिवशी काही विकायला काढतो तो व्यापारी.

दुसरा खुराक. स्नायू प्रथिनांनी बनतात. साधारणपणे शरीराच्या दर किलो वजनामागे रोज एक ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे ४५ किलो वजनाच्या मुलाला सुमारे ४५ ग्रॅम लागतील. आता घरातला हिशेब करू. दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम. मोठा पेलाभर दूध म्हणजे ८ ग्रॅम. ५० ग्रॅम भाजलेले चणे म्हणजे १० ग्रॅम. वाटीभर घट्ट डाळ म्हणजे ७ ग्रॅम आणि दिवसभराच्या पोळ्यांतून सुमारे १० ग्रॅम. बेरीज ४७ झाली! मासे किंवा खिमा असेल तर विचारायलाच नको. मग हजारो रुपयांचा डबा कशासाठी?

तिसरा आराम. वाढीचे संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवते. तुमच्या वयाला रात्री ८ ते १० तास झोप हवी. रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल पाहणारा मुलगा सकाळी कितीही वजन उचलो, तो एका हाताने कमावतो आणि दुसऱ्या हाताने उधळतो.

आता वजन कमी करण्याविषयी. उपाशी राहिल्याने वजन उतरते, हे खरे आहे. पण उतरते काय? चरबीबरोबर स्नायूही झिजतात. १९९४ साली लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला. ते चरबीच्या पेशींतून निघते आणि मेंदूला 'साठा पुरेसा आहे' असे कळवते. उपासमार केली की लेप्टिन घटते. मेंदू घाबरतो, भूक वाढवतो आणि शरीराचा खर्च कमी करतो. म्हणूनच घाईने उतरलेले वजन बहुधा परत येते. सरबते, तळलेले पदार्थ आणि गोडधोड कमी करणे, वेळेवर जेवणे व स्नायू राबवणे, हा मार्ग हळू असला तरी खात्रीचा आहे. राबणारा स्नायू रक्तातली साखर वापरून टाकतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. अशा देशात बळकट स्नायू ही शोभेची वस्तू नाही, ती औषधपेटी आहे.

कधी कधी थायरॉइडच्या किंवा इतर संप्रेरकांच्या बिघाडामुळेही वजन वाढते. मुलींची पाळी अनियमित होते. अशा वेळी डॉक्टरांकडे जावे. वर्गातल्या जाड मुलाला 'मोटू' म्हणून चिडवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. थट्टेने कुणाचेही वजन कमी होत नाही, फक्त त्याचे मैदानावर येणे बंद होते.

मुलींशी मला थोडे अधिक बोलायचे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या दर शंभर मुलींपैकी ५९ मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. अशा मुलींनी जेवण सोडणे म्हणजे रिकामी तिजोरी आणखी रिकामी करणे आहे. "कसरत केली तर आम्ही पहिलवानासारख्या दिसू," ही भीतीही खोटी आहे. मुलींच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन मुलांपेक्षा कितीतरी पटींनी कमी असते. कसरतीने त्यांची हाडे मजबूत होतात, पाठ ताठ राहते आणि थकवा कमी होतो. हाडांची भक्कम पुंजी याच वयात जमा करायची असते. निजामाबादची निखत जरीन मुष्टियुद्धात २०२२ आणि २०२३ अशी दोनदा जगज्जेती झाली. तिने घराण्याचा मान वाढवलाच ना?

शेवटी माझे स्पष्ट मत सांगते. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला किंवा विज्ञानाला दिला जातो. अनेक शाळांत मुलींना तर तो तास बसूनच काढावा लागतो. जागा नाही, वेळ नाही, अशी कारणे सांगितली जातात. परंतु वीस बैठकांना वर्गातली बाकांमधली जागा पुरते. मुलींसाठी गच्ची किंवा बंद सभागृह चालेल, बाईंच्या देखरेखीखाली तास घेता येईल. ज्या मुलाला शाळेत योग्य कसरत शिकायला मिळत नाही, तोच उद्या गल्लीतल्या इंजेक्शनवाल्याच्या हाती लागतो. म्हणून खेळाचा तास ही मुलांना दिलेली सवलत नव्हे, तो त्यांचा हक्क आहे. पालकांनी मुलाचे गुण विचारावेत. त्याबरोबर मुलगा आणि मुलगी आज किती धावली, किती वाजता झोपली, हेही विचारावे. आणि तुम्ही, मित्रांनो, खेळाचा तास रद्द झाला तर अदबीने, पण न घाबरता सरांना आणि बाईंना विचारा, "आमची तालीम कधी होणार?"