बाईकवर दिसली म्हणून

आमच्या नात्यातल्या एका मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. कॉलेजात असताना ती एका मुलाच्या बाईकवर दिसली होती. मुलाकडून निरोप आला, 'मुलीचं प्रीमॅरिटल होतं म्हणे.' शिकलेली माणसं, बदनामीसुद्धा इंग्रजीत करतात.

या शब्दाचा अर्थ लग्नाआधीचा शरीरसंबंध, एवढाच. मैत्री, चॅटिंग, बाईकवरची फेरी, यातलं काहीच त्यात बसत नाही. शिवाय तो शब्द फक्त 'आधी' सांगतो, हलाल-हराम सांगत नाही. दोन सज्ञान अविवाहितांचा संमतीचा संबंध कायद्याने गुन्हा नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये अभिनेत्री खुशबू यांच्या विधानावरून झालेल्या २३ फौजदारी तक्रारी रद्द करताना स्पष्ट केलं.

आपल्यासाठी तो जिना आहे, हराम आहे. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मग जिना हा शब्द पूर्ण उचला ना! सूरह नूरमध्ये शिक्षा स्त्री आणि पुरुष दोघांनाही आहे. त्याच सूरहमध्ये पाकदामन स्त्रीवर आरोप करून चार साक्षीदार न आणणाऱ्याला ८० फटके सांगितलेत, आणि त्याची साक्ष पुन्हा कधी मानू नका असंही. इथे साक्षीदार किती? एक. त्यानेही बाईकच पाहिली होती.

बाईक चालवणाऱ्या मुलाचा निकाह गेल्या वर्षी थाटात झाला. त्याला कुणी काही विचारलं नाही. मीही वलीम्याची बिर्याणी खाऊन आलो.