लातूर-नांदेडचा बुद्धिबळपटू आणि मोफत इंजिन

नांदेड किंवा लातूरमध्ये बुद्धिबळ खेळणारे मूल जिल्ह्यात चमकू लागले की त्याला हरवू शकणारे गावात फारसे कोणी उरत नाही. तुल्यबळ प्रतिस्पर्धी हवा, मोठी स्पर्धा खेळायची, तर पुणे-मुंबई गाठायची. म्हणजे रात्रभराचा प्रवास, लॉजचा खर्च आणि आई-वडिलांपैकी एकाची रजा. ही अडचण स्टॉकफिश या बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रामने, म्हणजे इंजिनने, बरीच हलकी केली, हे आधी मान्य केले पाहिजे. २००८ पासून स्वयंसेवकांनी घडवलेले हे इंजिन मोफत आहे, त्याचा कोड कोणालाही वाचता-बदलता येतो, आणि साध्या मोबाइलवर, इंटरनेट नसतानाही, ते विश्वविजेत्याहून सरस खेळते. १९९७ मध्ये विश्वविजेत्या कास्पारोव्हला हरवण्यासाठी आयबीएमला खास महासंगणक बांधावा लागला होता. त्यामुळे ‘मोबाइल नकोच’ हा क्लास आणि वसतिगृहांच्या या दोन शहरांतला सरसकट नियम बुद्धिबळाला लावणे आम्हाला पटत नाही.

पण इंजिन चाल सांगते, कारण सांगत नाही. हत्ती आणि एक प्यादे विरुद्ध नुसता हत्ती, असा डावाचा शेवट घ्या. पडद्यावर ०.०० दिसते, म्हणजे बरोबरी. मूल तो आकडा पाहून निर्धास्त होते आणि स्पर्धेत नेमका तोच डाव हरून येते. बचाव करणाऱ्याने राजा प्याद्याच्या वाटेत उभा करायचा आणि हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या आडव्या ओळीवर रोखून धरायचा. प्यादे त्या ओळीवर आले, की हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन मागून शह देत राहायचे, कारण आता समोरच्या राजाला प्याद्याचा आडोसा उरलेला नसतो. हे ‘कारण’ समजावून सांगायला सर लागतात, निदान चांगले पुस्तक तरी.

सरावातही अडचण आहे. स्टॉकफिशची पातळी उतरवली, की ते दहा चाली अचूक खेळते आणि मध्येच विनाकारण घोडा देऊन टाकते. माणसे अशी चुकत नाहीत. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरच्या माणसांच्या डावांतून शिकलेले ‘माया’ हे इंजिन २०२० मध्ये आले. तेही मोफत आहे आणि बरेच माणसासारखे चुकते. तरीही घड्याळात दोन मिनिटे उरली असताना समोरच्याची नजर पटावर कुठे खिळली आहे, हे वाचण्याची सवय त्यातून लागत नाही. शिवाय इंजिन हाताशी असले की ऑनलाइन डावात चोरून विचारण्याचा मोह होतो. ही फसवणूक आहे, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

सांगलीचे उदाहरण आपल्यासमोर आहे. मुंबईपासून दूरच्या त्या शहरात भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळाने पट मांडले, वर्षानुवर्षे स्पर्धा घेतल्या आणि खेळाडू घडवले. तेव्हा इंजिन नव्हते, पण खेळाडूंना एकत्र आणणारी जागा होती. आपल्याकडे आज इंजिन पोचले आहे, जागेची मात्र वानवा आहे.

तेव्हा इंजिन वापरू द्यावे, पण डाव संपल्यावर, आणि मुलाने आपली चूक कुठे झाली हे आधी स्वतःच्या हाताने वहीत लिहिल्यानंतर. आणि दोन्ही शहरांतल्या शाळांना विनंती आहे: रविवारी संध्याकाळी एक वर्गखोली, दहा पट आणि दहा घड्याळे एवढी सोय करा. पोरे आपणहून येतील.