बिनमुदतीची कैद

मार्च २०२१ मध्ये जम्मूतील दीडशेहून अधिक रोहिंग्यांना हिरानगरच्या तुरुंगात नेऊन ठेवण्यात आले. अपराध कोणता? म्यानमारातून जीव घेऊन पळालेल्यांजवळ ग्राह्य प्रवासपत्र नव्हते, हा! ८ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या सुटकेची विनंती अमान्य केली. रीतसर कार्यवाहीवाचून परत धाडू नये, एवढाच दिलासा दिला. पीठाचे प्रमुख होते आमच्या नागपूरचे सरन्यायाधीश शरद बोबडे. त्यांच्याच पीठाने २०२० साली, आसामात परकी ठरलेल्यांना दोन वर्षांच्या कैदेनंतर जामिनावर सोडण्याचा आदेश दिला होता. तेव्हा महामारी होती, हे खरे. परंतु तीन वर्षांची मर्यादा न्यायालयाने २०१९ मध्येच घातली होती. मग आसामला मुदत आणि जम्मूला नाही, हा कोठला न्याय?

घटनेचे एकविसावे कलम ‘व्यक्ती’चे रक्षण करते, केवळ नागरिकाचे नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये, शिक्षा भोगून झालेल्या एका राष्ट्रहीन रोहिंग्याच्याच दाव्यात, आपला २००४ चा निर्णय फिरवला : नजीकच्या काळात परत पाठविणे शक्यच नसेल, तर माणसाला डांबून ठेवता येणार नाही. कोणाला आश्रय द्यावा हे सरकारने खुशाल ठरवावे. परंतु जेथे जेथे असे निर्वासित कोंडलेले असतील, तेथे तेथे आसामची मर्यादा लागू झालीच पाहिजे, आणि तीही कायद्यात लिहून!