अहेरीस न दिसणारी मराठी

संकेतस्थळ मोबाईलवर नीट वाचता यावे आणि शोधयंत्रास ते सापडावे, एवढ्यासाठी खटपट करणे हे जाहिरातवाल्यांचे काम होय, विद्येच्या उपासकांचे नव्हे, असे एक मत आमच्या सुशिक्षित वर्गात रूढ होऊन बसले आहे. ग्रंथालयांचे कार्यवाह, शिक्षणसंस्थांचे चालक, साहित्यसभांचे पदाधिकारी यांच्याशी बोलताना ते कधी उघड, कधी आडपडद्याने ऐकावयास मिळते. ‘आमचा मजकूर सकस आहे; ज्यास गरज असेल तो शोधीत येईल,’ हा त्याचा मथितार्थ. या मतात जितका ताठा आहे तितका विचार नाही, आणि त्याची किंमत हे मत बाळगणारांस कधीच द्यावी लागत नाही, असे आमचे म्हणणे आहे. ती कोण देतो हे पाहावयाचे तर पुणे-मुंबई सोडून अहेरीकडे दृष्टी वळविली पाहिजे.

प्राणहितेच्या काठचे अहेरी हे पूर्वी एका मोठ्या गोंड जमीनदारीचे ठाणे होते. आज ते तालुक्याचे ठिकाण आहे. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी जिल्ह्याचे गाव अहेरीहून शंभरांवर किलोमीटर दूरच राहिले. पलीकडे एटापल्ली, भामरागड, सिरोंचा. मध्ये साग, बांबू आणि तेंदू यांचे अरण्य. पावसाळ्यात पर्लकोटेस पूर आला की भामरागडची वाट बंद. अशा मुलखात वसतिगृहप्रवेशाची अखेरची तारीख किंवा वनहक्काच्या दाव्यास लागणाऱ्या कागदांची यादी कळावी म्हणून माणसाने दिवसाची मजुरी बुडवावी, एस.टी.चे भाडे भरावे, आणि साहेब दौऱ्यावर गेल्याचे ऐकून परत फिरावे, हा क्रम फार जुना आहे. तो मोडण्याचे सामर्थ्य आता त्याच्या, निदान त्याच्या मुलाच्या, खिशातील मोबाईलमध्ये आहे. त्या घरात टेबलावरचा संगणक कधी आला नाही. जगाकडे उघडणारी जी काय खिडकी आहे ती हीच, तळहाताएवढी.

आता त्या खिडकीतून आमची विद्वत्ता कशी दिसते ते पाहू. ज्या पानात मोबाईलच्या रुंदीची दखल घ्यावी अशी सूचना लिहिलेली नसते, ते पान मोबाईल सुमारे ९८० ठिपके रुंदीचे समजून मांडतो आणि मग आक्रसून ३६० ठिपक्यांच्या आसपासच्या पडद्यात कोंबतो. अक्षरे मुंगीएवढी होतात. ती वाचावयाची तर पान बोटांनी ताणावे, डावीकडे-उजवीकडे ओढावे, आणि ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत आरंभ विसरावा. ही दखल घेण्याची सूचना म्हणजे पानाच्या शिरोभागी लिहावयाची एक ओळ आहे. पुढे रकाने व चित्रे पडद्याप्रमाणे लवचीक करावी लागतात हे खरे. पण ती विद्याही नवी नाही. ईथन मार्कॉट याने तिची मांडणी २०१० साली केली. तेव्हापासून आजवर जी संस्था त्या वाटेला गेली नाही, तिला वेळ मिळाला नाही असे निदान म्हणता येणार नाही.

याहून मोठा अपराध चित्रांचा. सूचना टंकलिखित करावी, तिच्यावर शिक्का मारावा, मग तो कागद यंत्राखाली धरून त्याचे चित्र काढावे आणि ते ‘स्कॅन ००१’ अशा नावाने संकेतस्थळावर चिकटवावे, ही आमच्या कार्यालयांची आणि संस्थांची आवडती रीत. हिशेब करून पाहा. असे चित्र चार मेगाबाइटांचे धरले आणि रानातल्या क्षीण जाळ्याचा वेग सेकंदास शंभर किलोबिट धरला, तर ते उतरावयास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात जाळे टिकले तर. तोच तीन हजार अक्षरचिन्हांचा मजकूर युनिकोडात लिहिला तर प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट याप्रमाणे नऊ किलोबाइट होतात, आणि ते एका सेकंदाच्या आत पोहोचतात. शिवाय चित्रातील अक्षरे शोधयंत्रास कधी उमगतात, कधी नाही. वाकडा कागद आणि अक्षरांवर उमटलेला शिक्का असला म्हणजे बहुधा नाहीच. अंध वाचकास पान वाचून दाखविणारे यंत्रही तेथे अडखळते. पण अंधांचा विचार करावयास आमच्या संस्थांस सवड कुठली!

आणि जुन्या फॉन्टांची कथा तर अजबच. कृतिदेवासारख्या फॉन्टात मराठी अक्षर केवळ डोळ्यांस दिसते. आत साठविलेले असते रोमन. त्यात ‘अहेरी’ असे लिहिले की यंत्राच्या लेखी व्ही, जी, एस, जे, एच अशी पाच निरर्थक अक्षरे उरतात. अहेरीच्या विद्यार्थ्याने आपल्या गावाचे नाव शुद्ध मराठीत लिहून शोध घेतला तरी ते पान त्यास मिळावयाचे नाही, कारण त्या पानात त्याचे गावच नाही. देवनागरीस युनिकोडात १९९१ सालापासून जागा आहे. मराठीस अभिजात भाषेचा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला तेव्हा पेढे वाटणाऱ्या संस्थांनी आपल्या जुन्या अंकांच्या पीडीएफांतून एखादी ओळ उचलून दुसरीकडे चिकटवून पाहावी. अभिजात मराठीचे काय होते ते दिसेल. (गोंडीविषयी काय बोलावे? मसराम गोंडी लिपीस २०१७ साली आणि गुंजाळा गोंडीस २०१८ साली युनिकोडात स्थान मिळाले. पण लिपीस स्थान मिळाले म्हणून पाने आपोआप लिहिली जात नाहीत.)

शोधयंत्राने या बाबतीत आपला मनोदय लपवून ठेवला आहे असेही नाही. २१ एप्रिल २०१५ पासून मोबाईलवर नीट दिसणाऱ्या पानांस मोबाईलवरील शोधात गूगल झुकते माप देऊ लागले. पानाची पारख यापुढे त्याच्या मोबाईलवरील रूपावरून करावयाची, असे त्याने २०१६ च्या नोव्हेंबरात जाहीर केले आणि हे स्थित्यंतर २०२३ च्या ऑक्टोबरात पुरे केले. जे संकेतस्थळ मोबाईलवर मुळीच उघडत नाही त्याची ५ जुलै २०२४ नंतर नोंदच घ्यावयाची नाही, असेही ठरले.

मग शोध घेणाऱ्या त्या मुलास काय सापडते? रिकामी जागा रिकामी राहत नाही. जे पान अधिकृत आहे ते दिसत नाही, आणि जे दिसते ते कोणा उपटसुंभाचे असते. एकच मजकूर घेऊन त्यात केवळ गावाचे नाव बदलावयाचे आणि आलापल्लीचे एक, अहेरीचे एक, सिरोंचाचे एक अशी पानांची रास उभी करावयाची, हा एक धंदाच होऊन बसला आहे. शोधयंत्राच्या नियमांस तो निषिद्ध आहे, तरी चालतो. त्या पानांवर योजनेचे नाव वीस वेळा येते, अर्जाची तारीख एकदाही नाही. खाली मात्र कोणाचा तरी दूरध्वनी क्रमांक असतो. यासच ‘शोधदृश्यता’ म्हणून विकणाऱ्यांचा आम्हांसही तिटकारा आहे. परंतु या पानांचा वरचढपणा कशात आहे? ती हलकी आहेत, मोबाईलवर वाचता येतात आणि खऱ्या अक्षरांत लिहिलेली आहेत. खोट्याने हे तीन साधे गुण उचलले आणि खऱ्याने ते तुच्छ मानून टाकून दिले.

कोणी म्हणेल, यंत्रास सापडावे म्हणून शीर्षके आणि शब्द बेतणे हा वाङ्मयाचा अधःपात होय. आम्ही विचारतो, डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या तेवीस खंडांपैकी एक संपूर्ण खंड सूचीस दिला तो कशासाठी? शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची करण्यात आयुष्याची वर्षे घातली ती कशासाठी? जे लिहिले ते हुडकणाऱ्याच्या हाती लागावे, हे त्या दोघांस ज्ञानाचेच अंग वाटले. पानास ‘परिपत्रक’ असे मोघम नाव न देता ते कशाविषयी, कोणत्या तालुक्यासाठी, कोणत्या वर्षाचे हे शीर्षकातच सांगावे. लोक आलापल्ली लिहितात तसे अल्लापल्लीही लिहितात, म्हणून दोन्ही रूपे मजकुरात एकदा तरी यावीत. यात कोणता अधःपात आहे? हे तर चांगल्या कारकुनाचे व्रत झाले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एका परदेशी कंपनीच्या मर्जीप्रमाणे आम्ही आपली पाने का रचावी? तिने उद्या नियम बदलले तर? ही शंका आम्ही हसण्यावारी नेत नाही. तिचे यंत्र कशास वर चढवील आणि कशास खाली ओढील याचा हिशेब ती कोणास देत नाही, आणि तिच्या प्रत्येक लहरीमागे धावणारा लेखक लवकरच लेखक राहत नाही. तथापि आम्ही मागतो ते काय? खरी अक्षरे, हलके पान, अरुंद पडद्यावर वाचता येणारी ओळ आणि प्रामाणिक शीर्षक. हे चारही गूगल उद्या बुडाले तरी वाचकास हवेच आहेत. युनिकोडातील मजकूर कोणत्याही शोधयंत्रास वाचता येतो, उद्या कोणी आपल्याकडे नवे काढले तर त्यासही. चित्रे चिकटवून स्वातंत्र्य राखल्याचे समाधान मानणे हा निव्वळ आळस होय.

सरकारी कचेऱ्यांस तर हा आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा कलम ४, पोटकलम ४ मध्ये सांगतो की माहिती प्रसृत करताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारे साधन यांचा विचार केला पाहिजे, आणि ती सहज मिळण्याजोगी असली पाहिजे. अहेरीच्या भागात ते साधन कोणते हे सांगावयास आयोग नेमण्याची गरज नाही.

शेवटी एक उदाहरण, कारण त्यात पैशाचा प्रश्न आहे आणि पैशाचा प्रश्न आमच्या वर्गास लवकर समजतो. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांच्या आधारे गडचिरोली जिल्ह्यातील कित्येक ग्रामसभा आपला तेंदूपत्ता आणि बांबू स्वतः विकतात. तेंदूची तोड उन्हाळ्यातील थोड्या आठवड्यांची. त्यापूर्वी लिलाव उरकला पाहिजे. लिलावाची वार्ता जितक्या दूर जाईल तितके बोली लावणारे अधिक, आणि जेथे दोनच व्यापारी येतात तेथे भाव आदल्या रात्री त्या दोघांत ठरतो. पहाटे अंधारात रानात शिरून पाने तोडणाऱ्या आणि दुपारी त्यांचे पुडे बांधणाऱ्या कुटुंबाची वर्षातील मोठी रोख कमाई त्या भावावर असते. अशा ग्रामसभेने आपली सूचना साध्या युनिकोड मजकुरात, गाव, तालुका, जिल्हा आणि तारीख घालून, मोबाईलवर वाचता येईल अशा एका पानावर लिहावी, म्हणून तिला साहाय्य करावयास नागपुराहून वा पुण्याहून जो तरुण जाईल, त्यास आमच्या साहित्यसभा आज जाहिरातवाला म्हणतात.