जोड दिसू द्या!

फोटोंच्या बाबतीत आमच्या पलूस तालुक्याचे नशीब मोठे विचित्र आहे. एकीकडे किर्लोस्करवाडी. १९१० साली माळरानावर वसलेल्या या कारखान्याच्या गावात १९२० साली मासिकही निघाले, आणि त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार. दुसरीकडे, तिथून अगदी जवळ, प्रतिसरकारचे कुंडल. ७ जून १९४३ रोजी तुफान सेनेने शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवली, तेव्हा तिथे कॅमेरा कुठला असणार? भूमिगत माणूस फोटोसाठी उभा राहत नाही. पोलिसांच्या हाती पडला तर तोच पुरावा!

मग क्रांतिदिन आला की शाळेतली मुले आणि फलक करणारी तरुण मंडळी जुन्या फोटोंच्या प्रती काढतात, कापतात, जोडतात. कुणाचा उतारवयातल्या सत्काराचा चेहरा, शेजारी भलत्याच गाडीचे इंजिन, मागे तिरंगा. यालाच कोलाज म्हणायचे. मला ही कला आवडते. ज्या घटनेचा फोटोच नाही, ती डोळ्यांपुढे उभी करायची तरी कशी?

पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये हाना ह्योख या चित्रकर्तीने छापील कात्रणे जोडून आपल्या काळावर भाष्य केले. आपल्याकडे विवान सुंदरम यांनी २००१ च्या सुमारास, आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी काढलेले घरातले फोटो संगणकावर एकत्र आणले. मावशी अमृता शेरगिल त्यांत नव्याने भेटते. पण त्या मालिकेच्या नावातच ‘रीटेक’ हा शब्द आहे. हे पुन्हा रचलेले आहे, हे पाहणाऱ्यापासून लपवलेले नाही.

मी बँकेत असताना चेकवर खाडाखोड दिसली की तिथे खातेदाराची सही मागत असू. बदलाला हरकत नव्हती, तो कबूल असायला हवा एवढेच. कोलाजचेही तसेच आहे. आता संगणक जोड इतका बेमालूम करतो की असे चित्र उद्या एखाद्या स्मरणिकेत ‘दुर्मीळ छायाचित्र’ म्हणून सहज छापले जाईल. मग खऱ्या फोटोवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

म्हणून मूळ फोटोला कात्री लावू नये. प्रत काढावी. मूळ फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव, वर्ष लिहावे आणि कोलाजखाली कोणता तुकडा कुठला, ते नोंदवावे. २०१९ च्या महापुरात भिलवडीसारख्या कृष्णाकाठच्या गावांत पाणी घराघरांत शिरले. कागदाचे आयुष्य किती, हे आम्हाला वेगळे सांगायला नको.

आणि शेणोलीच्या रेल्वेचा फोटो नाही ना? मग कोलाजमध्ये तेवढी चौकट कोरी ठेवावी. खाली फक्त तारीख लिहावी. नातवंडे विचारतील, “आजोबा, इथे फोटो का नाही?” त्यांना सांगायला आपल्यापाशी खरी गोष्ट आहे.