पथ्य सांगणार कोण?

मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या रुग्णाला शहाळ्याचे पाणी घातक ठरू शकते. त्यातले पोटॅशियम लघवीवाटे पुरेसे बाहेर पडत नाही, रक्तात साठते आणि हृदयाचे ठोके बिघडवते. रक्त गोठू नये म्हणून वॉरफेरिनची गोळी घेणाऱ्याने एकाएकी रोज पालकाचा रस सुरू केला, तर गोळीचा परिणाम घटतो आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. शहाळे काय, पालक काय, घरोघरी चांगलेच मानले जाते. ते कुणाला चालणार नाही हे ओळखण्यासाठीच शिक्षण लागते. तरीही चार आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केलेला माणूस आज ‘आहारतज्ज्ञ’ अशी पाटी लावतो, मधुमेह मुळापासून घालवण्याची हमी देतो आणि वर प्रथिनांचे डबेही विकतो.

हे रोखणारा कायदा नाही, असे नाही. संसदेने २०२१ मध्ये सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. फिजिओथेरपिस्ट आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञांबरोबर आहारतज्ज्ञ व पोषणतज्ज्ञही त्यात आले. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण ठरले. राज्याराज्यांत परिषदा आणि नोंदवह्या असाव्यात, नोंदणीशिवाय व्यवसाय करणाऱ्याला दंड व्हावा, हेही ठरले. पुढे मात्र वर्षे नुसती गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये या दिरंगाईवर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली, तेव्हा जेमतेम १४ राज्यांनी परिषदा नेमल्याचे आणि त्यांचेही काम सुरू नसल्याचे दिसले. अंमलबजावणीसाठी न्यायालयाला दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली.

या दिरंगाईची झळ रुग्णाला बसते, तशीच रीतसर शिकलेल्यांनाही. गृहविज्ञान महाविद्यालयांतून आहारशास्त्र शिकून, रुग्णालयात उमेदवारी करून बाहेर पडलेल्या मुली (या क्षेत्रात बहुसंख्य त्याच आहेत) तुटपुंज्या पगारावर राबतात. इंडियन डायटेटिक असोसिएशन परीक्षा घेऊन ‘नोंदणीकृत आहारतज्ज्ञ’ ही मान्यता देते, पण ती ऐच्छिक. ती नसलेल्याला दुकान मांडण्यापासून कुणी अडवत नाही.

नियमनाची कुऱ्हाड भलतीकडे पडू नये, ही काळजीही खरी आहे. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देणारी आजी, नाचणीची आंबील शिकवणारी अंगणवाडीताई, व्यायामशाळेत वेळेवर जेवा म्हणणारा प्रशिक्षक यांना परवान्याच्या रांगेत उभे करणे अन्यायाचे होईल. निरोगी माणसाला चार चांगल्या गोष्टी सांगणे वेगळे आणि पैसे घेऊन आजारी माणसाचे पथ्य ठरवणे वेगळे. नोंदणीची सक्ती हवी ती या दुसऱ्या कामाला.

जुन्या पदव्या आणि पदविका घेतलेल्या अनुभवी मंडळींना नोंदणीसाठी पुरेशी मुदत द्यावी. शुल्क तालुक्याच्या गावात काम करणाऱ्या मुलीला परवडेल इतकेच ठेवावे. आणि नोंदवही कार्यालयाच्या कपाटात न ठेवता मोबाइलवर, मराठीत खुली करावी. वडिलांचा आहारतक्ता हातात धरून उभ्या असलेल्या लेकीला, तो लिहिणाऱ्याचे नाव त्या नोंदवहीत आहे की नाही, हे तिथल्या तिथे पाहता आले पाहिजे.